शॉपफ्लोअरवर पोरांनी चूक लपवू नये, यासाठी काय करायचं

भोसरीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमधे १२ वर्षं शिफ्ट सांभाळतोय. "मानसिक सुरक्षितता" म्हटलं की लोक सूचनापेटी, पोस्टर नाहीतर पार्टी सुचवतात, त्याने काहीही होत नाही. माणूस आपली चूक न घाबरता सांगतो का, एवढंच बघायचं.

१. शिफ्टच्या सुरुवातीला आधी स्वतःची चूक सांगा.

२. "काही प्रॉब्लेम?" विचारलं की "नाही साहेब" येणारच. "आज कुठलं मशीन त्रास देतंय?" असं विचारा.

३. वाईट बातमी कानावर येते ते पहिले दहा सेकंद सांभाळा. मी इथेच आपटलो होतो. एका ट्रेनीने ऑफसेट (मशीनला द्यायचा मापाचा आकडा) चुकीचा टाकला, ४० पीस मापापेक्षा लहान होऊन भंगारात, पोरगा स्वतःहून सांगायला आला आणि मी अख्ख्या लाइनसमोर "डोळे कुठे होते तुझे?" म्हणून ओरडलो. पुढचे दोन महिने रिजेक्शन (नापास पीस) कमी, मी खूश, आणि मग कस्टमरकडून लॉटच परत आला. खराब पीस गुपचूप चांगल्यात जात होते, कारण मला सांगायची कुणाची हिंमत राहिली नव्हती.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधे असंच दिसलं होतं, चांगल्या टीममधे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जायच्या, कारण तिथले लोक बोलायचे. तेव्हा नुसता कमी आकडा बघून खूश होऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय.

आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "बरं झालं लगेच सांगितलंस, मशीन थांबव, किती पीस गेले बघू." कुणी केलं ते नंतर, बाजूला घेऊन. चेहरा पण सांभाळा, नुसता उसासा टाकलात तरी पोरांना कळतं. आणि कारण खरंच शोधा, त्या ट्रेनीच्या सेटिंग शीटवर आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला होता, ती चूक आम्हा सिनियर लोकांची होती.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. मुद्दाम गार्ड (सुरक्षेचं झाकण) काढून मशीन चालवलं तर त्याच दिवशी कारवाई.

४. जे सांगितलं त्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत काहीतरी हललेलं दिसू दे, नाहीतर परत कुणी सांगत नाही.

५. मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरुवातीला नोंदलेल्या चुका वाढणार आहेत, आणि तो आकडा घेऊन त्यांनी फ्लोअरवर कुणाला धारेवर धरायचं नाही.