सर्पंटाइन बेल्ट: ओरडतो कोण, झिजलं काय आणि बदलायचं कसं

जूनचा पहिला पाऊस झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी एक आवाज हमखास कानावर येतो. स्टार्टर फिरतो, इंजिन सुरू होतं आणि बॉनेटखालून एक लांब किंकाळी निघते. दोन मिनिटांत ती बंद पडते आणि गाडी ऑफिसला निघून जाते. महिनाभराने किंकाळी थांबेनाशी होते, मग गॅरेजवाला म्हणतो, "फॅन बेल्ट गेलाय, टाकू नवा." नवा पडतो आणि पंधरा दिवसांत आवाज पुन्हा हजर. ओरडतो बेल्टच, पण त्याला ओरडायला लावणारा बहुधा शेजारी बसलेला असतो: बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, एखादी वाकडी पुली, कुठूनतरी गळणारं कूलंट. म्हणून बेल्ट बदलणं हे अर्धंच काम आहे. जुना का गेला ते शोधणं हे उरलेलं अर्धं.

गॅरेजमध्ये आजही या सर्पंटाइन बेल्टला फॅन बेल्टच म्हणतात, जरी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा कधीच विजेवर गेला असला तरी. क्रँक पुलीवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकावरून निघालेला हा एकच लांब पट्टा सापासारखी वळणं घेत वीज बनवणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही फिरवतो, आणि टायमिंग चेन असलेल्या बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही. इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट ही वेगळी गोष्ट. तो कव्हरच्या आत असतो, त्याला आडवे दात असतात आणि तो घरी बदलायच्या भानगडीत पडू नये. आपल्या पट्ट्याच्या पोटावर लांबीच्या दिशेने कंगोरे असतात आणि पाठ गुळगुळीत असते.

किती किलोमीटरला बदलायचा, याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं. साधारणपणे ६०,०००च्या पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला नीट बघायचा आणि ८०,००० ते १,००,०००च्या दरम्यान बदलायचा, असं धरून चालतात. पण बेल्टला किलोमीटर कळत नाहीत, त्याला तास कळतात. घोडबंदर रोडवर गायमुखच्या रांगेत गाडी जागच्या जागी उभी असली तरी बेल्ट पळतच असतो. क्रँक पुली १४ सेंटीमीटरची आणि बेल्ट ११५० मिलिमीटरचा असेल, तर आयडलिंगच्या, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाच्या, मिनिटाला ८०० फेऱ्यांना तो सेकंदाला पाच वेळा पूर्ण चक्कर मारतो, म्हणजे तासाला अठरा हजारांवर. ताशी सरासरी ५० किलोमीटरने धावलेली गाडी ६०,००० किलोमीटर १,२०० तासांत करते. तेच अंतर ताशी २०च्या सरासरीने ३,००० तास घेतं, आणि त्यातले बहुतेक तास एसी चालू. तेव्हा रोज ठाणे-बेलापूर रोडवर अडकणाऱ्या गाडीने मीटरवरचा आकडा बघून निश्चिंत राहू नये.

आता बघायचं काय? इंजिन बंद, किल्ली खिशात, हातात टॉर्च. पूर्वीचा सोपा नियम असा होता की कंगोऱ्यावर एका इंचात तीन किंवा जास्त आडव्या चिरा दिसल्या की बेल्ट बदला. तो निओप्रीन या जुन्या रबराच्या बेल्टसाठी होता. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात आणि त्यांना लाखभर किलोमीटरलाही चिरा पडतीलच असं नाही. ते टायरसारखे झिजतात. कंगोऱ्यांमधली 'व्ही' आकाराची दरी पसरत 'यू' होते, बेल्ट पुलीच्या खाचेत खोल बसतो, कंगोऱ्याची टोकं खाचेच्या तळाला टेकतात आणि बाजूंची पकड सुटते. त्यामुळे चिरा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, असं म्हणणारा मेकॅनिक जुन्या हिशेबाने चालला आहे. झीज मोजायचा प्लॅस्टिकचा छोटा गेज मिळतो. तो नसेल तर त्याच नंबरच्या नव्या बेल्टशेजारी जुना धरा, दरीतला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

बाकीच्या खुणा वाचायला सोप्या आहेत. कंगोऱ्यांना काचेसारखी चकाकी आली असेल तर बेल्ट घसरून भाजला आहे. एकाच बाजूची कड उसवून दोरे बाहेर आले असतील तर कुठलीतरी पुली रेषेत नाही. कंगोऱ्याचा तुकडाच उडाला असेल तर बेल्ट आजच बदला. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर वर कुठेतरी ऑइल किंवा कूलंट गळतंय आणि ते थांबवल्याशिवाय नवा बेल्ट घालणं म्हणजे पैसे गटारात. अर्धवर्तुळाकार कुरतडलेली कड दिसली तर दोष यंत्राचा नाही, उंदरांचा. खाडीकाठच्या आणि पोडियम पार्किंगच्या सोसायट्यांत हे नेहमीचं आहे.

आवाजातही फरक असतो. लयीत येणारी, इंजिनच्या वेगाबरोबर बदलणारी 'चिर-चिर' ही बहुतेकदा वाकड्या पुलीची. एसी लावताच किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताच निघणारी लांब किंकाळी घसरणाऱ्या बेल्टची. घरघर बेअरिंगची. पहिल्या दोन्हींचा निकाल पाण्याच्या स्प्रेने लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवून लांबूनच बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुलींची रेष तपासा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. दमट सकाळी सुरुवातीची काही सेकंदं आवाज आला आणि गेला, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. रोज लांबत चालला तर मात्र बघा.

बेल्ट ड्रेसिंगचे स्प्रे, साबणाची वडी, टाल्कम पावडर यांतलं काहीही लावू नका. आवाज दोन दिवस दबतो, धूळ चिकटते आणि निदान करणाऱ्याची वाट लागते.

मुख्य संशयित टेन्शनर. हा स्प्रिंगवर चालणारा हात बेल्ट कायम ताणून धरतो आणि इंजिनचे हादरे पचवतो. आयडलिंगला त्याच्याकडे बघा. बारीक थरथर ठीक, पण हात अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त उड्या मारत असेल तर आतला हादरे जिरवणारा डँपर संपला आहे. इंजिन बंद करून पान्याने हात फिरवा. तो अडखळत फिरला, मधेच अडकला किंवा बाजूला खुळखुळला तर टेन्शनर बदला. अल्टरनेटरला एकाच दिशेने फिरणारी ओव्हररनिंग पुली असेल आणि ती जाम झाली असेल, तर टेन्शनर असाच नाचतो. नवा टेन्शनर घालूनही थांबला नाही, तर तिकडे बघा.

बेल्ट घेताना गाडीचं नाव पुरेसं नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलचे, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगचे बेल्ट वेगळे असतात. जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर असतो, उदाहरणार्थ ६पीके११५०: सहा कंगोरे, पीके जातीचा छेद, ११५० मिलिमीटर लांबी. सहा कंगोऱ्यांच्या बेल्टची रुंदी साधारण २१ मिलिमीटर भरते. नंबर पुसला असेल तर इंजिन कोड आणि चासी नंबर घेऊन दुकानात जा. "पाच मिलिमीटरने काय होतंय," असं काउंटरवर ऐकू येईल. होतं ते टेन्शनरवर: ताण दाखवणारा त्याचा बाण खुणांच्या बाहेर जाऊ शकतो. कंपनीचा सुटा भाग किंवा गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, फेनर यांपैकी काहीही चालेल. ८०,०००च्या पुढे गेलेल्या गाडीत टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारी मोकळी पुली) बेल्टबरोबरच घ्यावेत. महाग वाटतात, पण बेअरिंग जाम झालं की नवा बेल्ट एका दिवसात जळतो.

हत्यारं: १० मिलिमीटरचा पाना, सॉकेट सेट, लांब दांड्याचा रॅचेट, जॅक, जॅक स्टँड, चाकाला लावायला दोन विटा किंवा लाकडी ठोकळे, आणि मडगार्ड लायनरच्या (चाकामागच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या) चार-पाच नव्या प्लॅस्टिक क्लिपा, कारण जुन्या तुटणारच.

काम सपाट जागी आणि थंड इंजिनवर करायचं. सोसायटीच्या रॅम्पवर मुळीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, नाहीतर रेडिएटरचा पंखा किल्ली बंद असतानाही फिरू शकतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली घरात ठेवून या. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत हाच बेल्ट इंजिन सुरूही करतो. त्यांचा टेन्शनर वेगळा असतो, ते काम वर्कशॉपवर सोडा. टेन्शनर नसलेला स्ट्रेच बेल्टही तसाच. तो चढवायला खास साधन लागतं आणि एकदा काढला की परत घालता येत नाही.

बहुतेक लहान गाड्यांत बेल्ट ड्रायव्हरच्या बाजूला असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी उचला, जॅक स्टँड द्या, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवा आणि लायनर काढा. लायनर मुळातच गायब असेल, किंवा स्पीडब्रेकरला घासून खालचं कव्हर लोंबत असेल, तर बेल्ट अकाली का गेला याचं निम्मं उत्तर मिळालं: पावसाळ्यातला सगळा चिखल आणि खडी थेट त्याच्यावर उडत होती.

बेल्टचा मार्ग बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. नसला तर दोन कोनांतून फोटो घ्या आणि कागदावर काढाही, कारण फोटोत खालची पुली हमखास लपते. टेन्शनरवरच्या षटकोनावर किंवा चौकोनी भोकात रॅचेट घालून बेल्ट सैल होईल त्या दिशेने हळू दाबा. बोल्टच सुटतोय असं वाटलं तर दिशा चुकली. एका हाताने धरून दुसऱ्याने बेल्ट वरच्या, सहज पोचणाऱ्या पुलीवरून उतरवा आणि टेन्शनर हळूहळू परत जाऊ द्या. झटक्यात सोडलात तर बोटं जातात. काही टेन्शनरना भोक असतं, त्यात जाड एलन की घालून हात अडकवून ठेवता येतो.

बेल्ट निघाला की नवा घालायची घाई करू नका. सगळ्या पुली मोकळ्या सापडण्याची ही एकमेव वेळ. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर नको, डगमग नको. आयडलर बोटाच्या टिचकीने भिंगरीसारखा फिरत राहिला तर खूश होऊ नका, आतलं ग्रीस सुकलंय. वॉटर पंपाखाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी ओघळ आहे का बघा. क्रँक पुली दोन कड्यांची असते, मध्ये रबर. ते फाटलं की बाहेरचं कडं लचकत फिरतं आणि प्रत्येक नवा बेल्ट खातं. खाचांतला गंज आणि चिकटलेलं रबर कोरड्या ब्रशने काढा, तेल लावू नका.

नवा आणि जुना बेल्ट शेजारी धरून कंगोरे मोजा. क्रँक पुलीपासून सुरुवात करा. पोट खाचांत, पाठ गुळगुळीत पुलींवर. शेवटचं वेटोळं गुळगुळीत किंवा वरच्या पुलीवर चढवायचं. मग टेन्शनर हळू सोडा आणि प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. सर्रास होणारी चूक एकच: बेल्ट एका खाचेने सरकलेला, एक कंगोरा कडेबाहेर. चालू केल्यावर तो मिनिटभरात सोलून निघतो. वरून दिसत नाही, म्हणून क्रँक पुली खालून आरशात बघा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला दोन पूर्ण फेऱ्या द्या. टेन्शनरचा बाण खुणांच्या मध्ये आला पाहिजे.

जुन्या छोट्या गाड्यांत आपोआप ताण देणारा टेन्शनर नसतो, अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो. खालचा पिव्हट बोल्ट आणि वरचा लॉक बोल्ट सैल करा, अ‍ॅडजस्टिंग बोल्टने ताणा, पुन्हा घट्ट करा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने सुमारे १० किलोचा दाब दिल्यावर बेल्ट किती दबावा, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. नव्या आणि वापरलेल्या बेल्टचे आकडे वेगळे असतात, नव्याला नव्याचाच घ्या. आवाज नको म्हणून तारेसारखा ताणलात तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं जातात. पाच मिनिटं इंजिन चालवून, आणि मग दोन-तीनशे किलोमीटरने, ताण पुन्हा बघा.

लायनर आणि चाक बसवा, नट समोरासमोरच्या जोडीने घट्ट करा, बॅटरी जोडा. इंजिन चालू करून एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा. बॅटरीवर मल्टिमीटर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दाखवेल. काचांचं ऑटो सेटिंग आणि घड्याळ परत लावावं लागेल.

वाशीच्या पुलावर किंवा मुंब्रा बायपासला बेल्ट तुटलाच, तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गरम हवा फेकतो आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग दगडासारखं होतं. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा चढायच्या आत इंजिन बंद करून कडेला घ्या. पुढचा पेट्रोल पंप गाठण्याच्या नादात हेड गॅस्केट जातं. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असेल तर एसी-दिवे बंद करून बॅटरीवर थोडं अंतर सरकता येतं. पण त्याआधी बॉनेट उघडून तुटलेल्या बेल्टचे दोरे क्रँक पुलीभोवती गुंडाळलेत का ते बघा. ते पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले गेले तर बेल्टच्या जागी अख्खं इंजिन उघडावं लागतं. दोरे दिसले तर चालू करू नका, टो करून न्या, आणि नवा बेल्ट घालण्याआधी शेवटचा धागा निघालाय याची खात्री करून घ्या.