बासरी शिकताना या चुका टाळा: दम नव्हे, गळती शोधा

स्वर नीट येत नसला की नवशिक्याला वाटतं, आपला दम कमी पडतोय. मग तो आणखी जोरात फुंकतो. जोर वाढला की स्वर वरच्या सप्तकात उडतो, वर चक्कर येते ती वेगळीच. दोष बहुतेक वेळा दमात नसतोच. बोटांखालून हवा निसटत असते.

तपासायला सगळी छिद्रं उघडी ठेवून तीव्र मध्यम (चढा म) स्वच्छ काढा. मग तोंडाकडून एकेक बोट ठेवत जा: एक झाकलं की ग, दोन रे, तीन सा, चार नी, पाच ध आणि सहा झाकली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, प. जिथे आवाज फाटेल, तिथे नुकतं ठेवलेलं बोट आधी बघा, मग वरची. बोट उचलून पाहिलं तर छिद्राचा वळ पूर्ण गोल हवा. चंद्रकोर उमटली असेल, तर एक बाजू उघडी राहतेय. खोडी बहुधा उजव्या अनामिकेची असते. तीही दाबून भागत नाही, कारण एक बोट ताठ झालं की शेजारचं उचलतं. बोटाचं टोक न टेकवता पेर सपाट पडू द्या.

काहींची चूक खरेदीतच होते. मैफलीतली पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली) बासरी जवळपास 30 इंच लांब असते, तिथे नवशिक्याची बोटं पुरत नाहीत. पांढरी एकची साधारण 19 इंची बासरी घ्या.

नुसतीच फुसफुस येत असेल, तर ओठ बघा. खालच्या ओठाने फुंकायच्या छिद्राचा साधारण तिसरा हिस्सा झाकावा, ओठांमधली फट बारीक ठेवावी आणि हवा छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटू द्यावी. बासरी जेमतेम एक मिलिमीटर फिरवली तरी फरक पडतो. फार आत वळवली, तर स्वर उतरतो.

थंड बासरीही उतरलेलीच लागते. आतली हवा 10 अंशांनी तापली की स्वर सुमारे 30 सेंट चढतो, म्हणजे लगतच्या पांढरी-काळीतल्या अंतराच्या जवळपास तिसरा हिस्सा. पाच मिनिटं वाजवून मगच तानपुऱ्याशी जुळवा. बासरी बेसूर म्हणून फुंकायच्या छिद्राजवळचं आतलं बूच सरकवाल, तर सप्तकांचा मेळच बिघडेल.

उन्हात उभ्या गाडीत बासरी ठेवली, तर बांबू तडकतो. बारीक चीर दिसली की दोरा घट्ट गुंडाळा. तेल लावायचं ते मोहरीचं किंवा बदामाचं, फडक्याने, अगदी पातळ. बुचाला आणि फुंकेच्या कडेला मात्र लागू देऊ नका.