राखेच्या बुधवारासाठी राख कशी करावी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, भाविकांच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात. त्यासाठी गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आठवडाभर आधीच घरोघरून गोळा करा. कडकडीत वाळलेल्या हव्यात. ओल राहिली तर नुसता धूर होतो. प्लॅस्टिकची फीत, टाचण्या काढून बोटभर तुकडे करा आणि लोखंडी घमेल्यात, उघड्यावर जाळा. पार पांढरी होईपर्यंत जाळू नका, काळी राखच कपाळावर उठून दिसते. पूर्ण निवल्यावर खलात कुटून मलमलीतून चाळा. ही चाळणी टाळू नये, खडा राहिला तर ओरखडा उठतो.

क्रूस नीट उमटावा म्हणून ऑलिव्ह तेलाचे दोन-चार थेंब पुरे. पाणी मात्र घालू नका: राखेतला क्षार पाण्यात उतरतो, त्याने त्वचा भाजू शकते. उरलेली राख आशीर्वादित असते. केरात न टाकता मातीत पुरा.