दोघांनी प्राणिसंग्रहालय पाहायला जाताना: तयारीची यादी

सुट्टीतला एक दिवस प्राणिसंग्रहालयाला द्यायचं नक्की झालं की तिकीट काढण्याआधी दोघांनी दोन कागद घ्यावेत आणि एकमेकांना न दाखवता तीन-तीन प्राणी लिहावेत. आम्ही हे दरवेळी करतो. नवऱ्याच्या कागदावर पक्षी आणि सरपटणारे असतात, माझ्या कागदावर हत्ती ठरलेलाच. दोन्ही याद्या जोडल्या की पाच-सहा प्राणी होतात आणि एका दिवसाला तेवढे पुष्कळ झाले. नकाशावरचं प्रत्येक आवार उरकायचंच, असा चंग बांधून गेलं की दुपारपर्यंत पाय भरून येतात, एकाला थांबायचं असतं, दुसऱ्याला पुढे जायचं असतं आणि सुट्टीतलं पहिलं भांडण तिथेच होतं.

त्याहीआधी जागा नीट पारखून घ्या. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत: जागतिक पातळीवर वाझा, युरोपात ईएझेडए, अमेरिकेत एझेडए. आपण जिथे जाणार ती जागा अशा एखाद्या संघटनेची सभासद आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. जिथे वाघाचे बछडे मांडीवर घेऊन फोटो काढू देतात, हत्तीच्या पाठीवर बसवतात किंवा माकडांना कपडे घालून नाचवतात, तिथे पाऊल टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बछडं आईपासून तोडल्याशिवाय ते दिवसभर माणसांच्या हातात फिरू शकत नाही. उलट चांगल्या जागी दिलेले पैसे खरोखर कामी येतात. अरबी ओरिक्स हे पांढरंशुभ्र हरीण 1972 मध्ये जंगलातून नाहीसं झालं होतं. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या कळपांमुळे 1982 मध्ये ते ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आलं. अशी एखादी गोष्ट आपण जाणार त्या जागेचीही असेल तर ती आधी वाचून जा. मग तो प्राणी समोर आल्यावर दोघंही वेगळ्याच नजरेने पाहता.

वेळ ठरवताना दार उघडतानाची ठरवा. सकाळी प्राणी रात्रीच्या खोलीतून बाहेर येतात, आवारभर हुंगत फिरतात, कुठे काही खायला लपवलंय का ते शोधतात. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत पडून असतो. त्यामुळे दुपारी एकला गेलेल्या माणसाला सिंहाची फक्त पाठ दिसते. साप, मासे, फुलपाखरं यांची बंदिस्त दालनं भर दुपारसाठी राखून ठेवा. खाणं देण्याच्या आणि कीपरच्या, म्हणजे प्राण्यांची निगा राखणाऱ्याच्या, गप्पांच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा आणि त्यातली एकच निवडा. दोन ठेवल्या की दिवसभर घड्याळाकडे बघत पळापळ होते.

पिशवीत पाण्याच्या बाटल्या, टोपी, पायात रुळलेले बूट. याबद्दल जास्त सांगत नाही. दुर्बिणीबद्दल मात्र सांगते. आठ गुणिले बेचाळीसची एक दुर्बीण दोघांत पुरते: आठ पट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटरची असल्यामुळे सावलीतलंही स्वच्छ दिसतं. प्राणी जवळच तर असतात, मग दुर्बीण कशाला, असं मलाही वाटायचं. एकदा जिराफ रवंथ करत उभा होता आणि नवऱ्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. त्या लांबलचक मानेतून एक गोळा सरसर वर चढताना दिसला. तो तोंडात आला, जबडा आडवा-आडवा फिरू लागला, मग एक आवंढा आणि तोच गोळा कातडीखालून खाली उतरत गेला. थोडा वेळ शांतता, पुन्हा नवा गोळा वर. आम्ही आळीपाळीने दुर्बीण घेत पाऊण तास तिथेच उभे होतो.

फोटोची तयारी थोडक्यात. काचेमागचा प्राणी टिपायचा तर कॅमेऱ्याचं भिंग काचेला अलगद टेकवा म्हणजे आपलंच प्रतिबिंब येत नाही. जाळी असेल तर कठड्याबाहेरून जमेल तेवढं जवळ जा आणि प्राणी जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबा, जाळी आपोआप पुसट होते. फ्लॅश घरीच बंद करून निघा. काचेवर बोटांनी टकटक करू नका आणि जोडीदार करू लागला तर प्रेमाने हात धरा.

दोघांपैकी कुणाला सर्दी-खोकला असेल तर गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्या बाजूला जाऊ नका. आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात आणि त्यांना ते जड जातात. गोरिलाच्या डोळ्यांत रोखून बघणं आणि दात दाखवून हसणं या दोन्ही गोष्टी त्याला आव्हान वाटू शकतात. नजर जराशी बाजूला ठेवून शांत बसलं की तोच हळूच तुमच्याकडे बघतो.

गाडीतून फिरायचं सफारी पार्क असेल तर तयारी जास्त लागते. इंग्लंडमधल्या लाँगलीटला 1966 मध्ये हा प्रकार सुरू झाला, आफ्रिकेबाहेरचा पहिलाच. तेव्हापासून मुख्य नियम तोच आहे: काचा बंद, दारं कुलूपबंद, काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. म्हणून आत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, टाकीत पुरेसं इंधन भरा आणि गाडी कोण चालवणार ते ठरवा. आत जागा बदलता येत नाही, हे आमच्या पहिल्या वेळी लक्षातच आलं नव्हतं. चालवणाऱ्याला रस्ता, पुढची गाडी आणि एखादी शेपटी एवढंच दिसतं. दुसरी फेरी मारू देत असतील तर बाहेर येऊन जागा बदला आणि पुन्हा जा. तशी सोय नसेल तर शेजारी बसलेल्याने कॅमेरा खाली ठेवून चालवणाऱ्यालाही दाखवत राहावं: डावीकडे, झाडाखाली, दोन पिल्लं.

आदल्या रात्री गाडीच्या काचा आतूनही पुसून घ्या. बाहेरून सगळे पुसतात, फोटोत दिसतो तो आतला हात लागलेला डाग. सुट्टीत गाडी बहुधा भाड्याची असते. करारात अशा ठिकाणच्या नुकसानीबद्दल काय म्हटलंय ते वाचा, कारण माकडं वायपर आणि रबराच्या पट्ट्या उपटून नेतात. बऱ्याच पार्कांत माकडांचा भाग टाळून जायला वेगळी वाट असते, ती सरळ घ्या. कापडी छताची गाडी सिंहांच्या भागात सोडत नाहीत. गाडी बंद पडलीच तर आतच बसा, धोक्याचे दिवे लावा, हॉर्न वाजवा, रखवालदाराची गाडी येते. गोगलगायीच्या वेगाने चालताना इंजिन तापतं, तेव्हा तापमानाच्या काट्यावर एका डोळ्याने लक्ष असू द्या.

रात्रीची सफारी जमली तर जरूर करा. सिंगापूरमध्ये 1994 पासून खास रात्रीचं प्राणिसंग्रहालय आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि फोनचा पडदा एकदा उजळला की ती मेहनत वाया जाते. दोघांचेही फोन पिशवीत जाऊ द्या. दिवसा उघड्या असणाऱ्या निशाचरांच्या दालनातही असंच करा: तिथे रात्रभर दिवे लावून दिवसा अंधार ठेवतात म्हणजे वटवाघळं आणि लाजवंती वानरं (लोरिस) आपल्या वेळेला जागी असतात. आत शिरताच पुढे जाऊ नका, भिंतीशी उभे राहा, हळूहळू फांद्या दिसू लागतील आणि मग त्या फांद्यांवरची हालचाल.

शेवटचा एक तास कुठल्याही यादीविना ठेवा आणि दुपारी झोपलेल्या सिंहाकडे परत जा. ऊन उतरल्यावर तो उठतो, आळोखेपिळोखे देतो, कधीकधी गर्जतो आणि ती गर्जना छातीत जाणवते. फक्त दार बंद होण्याच्या बऱ्याच आधी प्राण्यांना आत घेतात, तेव्हा सिंहांना आत कधी नेतात ते सकाळी तिकीट घेतानाच विचारून ठेवा.