भंगाराच्या गाडीपासून सुरुवात करा

आमच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर एक फ्रेम आहे. ‘आमची मूल्ये’. सचोटी, पारदर्शकता, आणखी चार शब्द. तिच्याच खाली, बोर्डाच्या टाचणीला, एसी दुरुस्तीवाल्याचं बिल आठ महिने लटकत होतं.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये मी १९ वर्षांपासून पर्चेस आणि अकाउंट्स बघते. माणसं साठेक. तुमच्याही कंपनीत व्यवहार सरळ व्हावेत असं खरंच वाटत असेल, तर पॉलिसी लिहायला बसू नका. आधी भंगार बघा.

विकत घेतलेल्या मालावर दहा जणांचा डोळा असतो. भंगाराला कुणी वाली नसतो. पत्र्याचे तुकडे, लेथचा बुरादा, वाकलेले अँगल मागच्या कंपाउंडला पडलेले असतात आणि महिन्यातून एकदा कुणीतरी घेऊन जातं. आमच्याकडे गाडी रिकामी यायची, धर्मकाट्यावर वजन व्हायचं, भरून जाताना पुन्हा वजन. वजाबाकी म्हणजे आपला माल. आता विचार करा : रिकाम्या गाडीचं वजन जितकं जास्त दाखवाल, तितका माल कमी भरतो. एकदा ऑडिटच्या आधी मी एकाच नंबरच्या गाडीच्या दोन पर्च्या शेजारी ठेवल्या. रिकामं वजन ३१० किलोनं वेगळं! रिकाम्या वजनाला गाडीत दोन हमाल आणि पाण्यानं भरलेला दोनशे लिटरचा ड्रम. ड्रम आमच्याच गेटच्या आत, कडुनिंबाला ओतायचे. किलोला ३० रुपये धरले तरी एका खेपेला ९३०० रुपये त्या झाडाच्या बुडाशी गेले. झाड मात्र झकास वाढलं.

म्हणून पहिलं काम हे करा. गाडीच्या आरसी बुकात रिकामं वजन लिहिलेलं असतं, ते रजिस्टरला उतरवून घ्या. दोन्ही वजनांच्या वेळी ड्रायव्हरसकट सगळे खाली आणि गाडीच्या आतला फोटो. काट्यावर जाणारा माणूस दर महिन्याला बदला. दर खेपेला तीन जणांचे रेट लेखी घ्या आणि पैसे फक्त बँकेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, मले तं उन्हाळ्यापासूनच माहीत होतं. पण सांगू कोनाले? स्टोअरवर साहेबाचे भाचे बसून राहिले.” भाच्यानं पैसे खाल्ले होते असं शेवटपर्यंत निघालं नाही. तो काट्यावर जातच नव्हता, केबिनमध्ये बसून पर्चीवर सही करत होता. पण वॉचमनच्या नजरेतून बघा. तो एजन्सीचा माणूस, इथून एक फोन गेला की दुसऱ्या दिवशी वाडी भागातल्या एखाद्या गोदामावर ड्युटी.

लिस्टेड कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्यानं न घाबरता तक्रार करता येईल अशी वाट ठेवावीच लागते. आमच्यासारख्यांना सक्ती नाही. आम्ही हौसेनं तक्रारपेटी लावली, तीही नेमकी कॅमेऱ्याखाली. वर्षभरात तीन चिठ्ठ्या निघाल्या, तिन्ही कॅन्टीनच्या पोह्यांवर तर्री पातळ असते म्हणून. (तक्रार रास्त होती.) मग दोन गोष्टी केल्या. गेटवर दोन फोन नंबर लावले, एक माझा आणि एक आमच्या निवृत्त सीएंचा, कारण माझ्याविरुद्ध तक्रार असेल तर ती माझ्याकडे कशी येणार? आणि एक नियम लेखी केला : तक्रार करणाऱ्याची, मग तो एजन्सीचा असो की कायम, सहा महिन्यांच्या आत बदली करायची किंवा त्याला कामावरून काढायचं असेल तर साहेब आणि सीए दोघांच्या सह्या हव्यात. पहिला फोन तीन आठवड्यांनी आला. ओव्हरटाइम दुपटीनं द्यायचा असतो, तो एका पाळीला साध्या दरानं चालला होता. चूक माझ्याच खात्याची निघाली. फरक पुढच्या पगारात दिला.

दिवाळीला येणाऱ्या भेटवस्तूंचं रजिस्टर ठेवा. पहिली नोंद मालकाची हवी, नाहीतर दुसरी कुणी करत नाही. आमचे साहेब म्हणाले, “ताई, कंपनी माझी. मी कोणाला हिशेब देऊ?” मी म्हटलं, “मग पर्चेसच्या पोरांना मी कोणत्या तोंडानं विचारू?” दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चांदीचा पेला टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. मिठाई वर्कशॉपमध्ये वाटायची, बाकीचं परत किंवा जमा.

आता आपलीच लबाडी. छोट्या पुरवठादाराचे पैसे अडकवणं याला आपल्याकडे कुणी अनीती म्हणत नाही, ‘कॅश फ्लो मॅनेजमेंट’ म्हणतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, हे २००६च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरी कुणी हललं नव्हतं. १ एप्रिल २०२४पासून प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम लागू झालं, मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरेनात, तेव्हा सगळ्यांना पुरवठादारांचे उद्यम नंबर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे) आठवले. दर सोमवारी ३० दिवस उलटलेल्या बिलांची यादी काढा आणि सगळ्यात लहान रकमेपासून फेडा. मोठा पुरवठादार भांडून घेतो. एसीवाला भांडत नाही, फक्त पुढच्या मे महिन्यात फोन उचलत नाही. ४५ डिग्रीत हे कळतं.

लाचेच्या पाकिटाचं काय, हे सगळे विचारतात. तान्ह्या पोळ्याला नागपुरात ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यासोबत भ्रष्टाचाराचा बडग्या, म्हणजे तसाच एक पुतळा, निघतो, आपण ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी पाकीट तयार ठेवतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं असतं. लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४. आम्ही अर्ज ऑनलाइन करतो, कागद पूर्ण ठेवतो, पोच घेतो. एका परवानगीला त्यामुळे अडीच महिने जास्त लागले आणि ऑर्डर उशिरा गेली, हेही सांगून ठेवते. असे दिवस डिलिव्हरीच्या तारखेत आधीच धरा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्यानंच लागते. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक जण बाहेरचा. नावं बायकांच्या वॉशरूमपाशी लावा, एचआरच्या कपाटात नकोत.

तो भंगारवाला दोन महिन्यांनी पुन्हा आला. रेट दोन रुपयांनी कमी लावला होता. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, सरळ वजनात हाच रेट पडते.” त्या दिवशीच्या तीन कोटेशनमध्ये तरीही त्याचाच रेट वर होता. माल त्यालाच दिला. ड्रम त्यानं स्वतःच गेटबाहेर उतरवून ठेवला.