कुत्रं चावलं तर आधी नळ, मग लस

मागच्या महिन्यात भाच्याला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला धरलं आणि घरात सगळ्यात आधी काय बाहेर निघालं तर तिखटाचा डबा! म्हणून लिहितोय.

डबा जागेवर ठेवा. नळ सोडा आणि वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा, मोबाईलवर टायमर लावूनच, कारण पोर रडत असताना आपली १५ मिनिटं तिनात संपतात. अंगाचा, कपड्याचा, कुठलाही साबण चालतो. रेबीजच्या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं, भांड्याचा तेलकटपणा सुटतो तसं ते साबणाने सुटतं आणि व्हायरस तिथेच गारद. मग पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) लावा. हळद, चुना काही नको.

त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा पण लस तोवर थांबवू नका. लशीतला व्हायरस पेशींवर वाढवून बहुतेक वेळा बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या केमिकलने निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे लशीने रेबीज होत नाही, गरोदर बाईलाही बिनधास्त देतात. पण मेलेला व्हायरस अंगात वाढत नाही ना, म्हणून एका डोसने भागत नाही. पहिला डोस तो दिवस शून्य, मग ३, ७, १४, २८. कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८, दर वेळी दोन जागी. दंडातच घ्यायची, लहान बाळाला मांडीत, कमरेत नाही.

रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, पण मागा. लशीमुळे अँटिबॉडी बनायला आठवडाभर तरी जातो, तोवर हेच राखण करतं. जखमेच्या आत आणि भोवती टोचतात, प्रचंड दुखतं, भाच्याने दवाखाना डोक्यावर घेतला होता, तरी सोडू नका.

आणि पोटातल्या १४ इंजेक्शनांना घाबरून घरी बसू नका प्लीज. ती कसौलीत सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टर साहेबाने काढलेली जुनी लस, मेंढीच्या मेंदूत वाढवलेला व्हायरस फिनॉलने मारलेला, त्यातल्या मेंदूच्या अंशामुळे कुणाकुणाला लकवाही व्हायचा. भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली, आमच्या आजीला अजून पटत नाही.