मॅमोग्राफीचं शिबिर घेणार असाल तर रेडिएशनची तयारी अशी करा

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. तो आला की महिला मंडळं, सोसायट्या, गावोगावचे क्लब मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचे एक्स-रे काढणारी व्हॅन बोलावतात. मंडप, बॅनर, पाहुणे यांची यादी कुणीतरी करतंच. ही यादी डोसची आहे. प्रत्येक बाईला गरजेपुरतंच रेडिएशन मिळावं आणि एकाही बाईचा फोटो विनाकारण दुसऱ्यांदा काढावा लागू नये, यासाठी काय काय आधी ठरवून ठेवायचं ते यात आहे. यातली बरीचशी कामं व्हॅन दारात येण्यापूर्वीची आहेत.

पहिलं काम वयाची अट ठरवण्याचं. डोसच्या बाबतीत यापेक्षा मोठा निर्णय शिबिरात दुसरा नसतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. एका मॅमोग्राममध्ये प्रत्येक स्तनाचे दोन, म्हणजे एकूण चार फोटो निघतात. दर फोटोमागे स्तनातल्या ग्रंथींना साधारण दीड ते दोन मिलिग्रे (ऊतीत शोषलेल्या रेडिएशनचं माप) डोस मिळतो. सगळ्या शरीराच्या हिशेबात चार फोटोंचे मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या एकूण परिणामाचं माप) होतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट रेडिएशन तसंही मिळतंच, म्हणजे हा डोस दोनेक महिन्यांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा. घाबरावं असा हा आकडा नाही. मात्र वय जितकं कमी तितकी स्तनाची ऊती रेडिएशनला अधिक संवेदनशील असते. शिवाय तरुण स्तन दाट असतो, त्यामुळे फोटोत गाठ लपून राहण्याची शक्यताही वाढते.

अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेलं एक गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. एक लाख महिलांचा ४० ते ७४ या वयात दरवर्षी मॅमोग्राम काढला, तर रेडिएशनमुळे सुमारे १२५ कर्करोग आणि १६ मृत्यू होतील, आणि तपासणीमुळे ९६८ मृत्यू टळतील, असा तो अंदाज होता. तीच तपासणी पन्नाशीपासून आणि दर दोन वर्षांनी केली, तर रेडिएशनचे कर्करोग २७ वर आणि मृत्यू ४ वर येतात. मशीन तेच, वय आणि अंतर बदललं एवढाच फरक. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, म्हणजे प्रत्येक फोटोमागे मिळणारा फायदाही कमी. तेव्हा निवड आपण अधिकच काटेकोरपणे करायला हवी. ‘आपल्याकडे हा आजार लवकर होतो’ असं सांगून तिशीच्या मुलींनाही रांगेत उभं करणारे आयोजक भेटतात. आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी वय कमी दिसतं हे खरं, पण आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. पत्रकावर ‘१८ वर्षांवरील सर्व महिलांसाठी’ असं छापू नका. काही त्रास नसलेल्या चाळिशीच्या आतल्या बाईला व्हॅनमध्ये पाठवूच नका.

मग त्या मुलींना परत पाठवायचं का? नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर यांनी हाताने केलेल्या तपासणीत रेडिएशनच नसतं, त्यासाठी एक पडद्याआडची जागा आणि एक खाट राखून ठेवा. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखाहून अधिक महिलांवर अशा तपासणीचा अभ्यास केला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटलेले दिसले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांना गाठ लागते आहे, स्तनाग्रातून रक्त येतं आहे, त्यांना शिबिराच्या रांगेत न ठेवता थेट रुग्णालयाची चिठ्ठी द्या. तिशीच्या आत गाठ असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफी. आई, मावशी, बहीण यांना कमी वयात हा कर्करोग झालेल्या बाईला कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवा, तिचं वेळापत्रक वेगळं असतं आणि त्यात एमआरआयही असू शकतो.

आता व्हॅनवाल्यांना फोन. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा म्हणजे एईआरबीचा परवाना आहे का, आणि गुणवत्ता चाचणी गेल्या दोन वर्षांत झाली आहे का, हे विचारा आणि दोन्हींची प्रत मागून घ्या. ‘सगळं आहे’ या तोंडी उत्तरावर थांबू नका. फोटो काढणाऱ्या टेक्निशियनला मॅमोग्राफीचा अनुभव आहे का, कर्मचारी टीएलडी बॅज (स्वतःला किती रेडिएशन मिळालं ते मोजणारा बिल्ला) लावतात का, हेही विचारा. मशीन पूर्ण डिजिटल असेल तर उत्तम. अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनेत जुन्या फिल्मच्या मशीनवर दर फोटोला सरासरी २.३७ आणि डिजिटलवर १.८६ मिलिग्रे डोस निघाला होता. थ्रीडी मशीन, म्हणजे स्तनाचे थराथराने फोटो काढणारं, असेल तर एकच प्रश्न: नेहमीचा सपाट, म्हणजे टूडी फोटो वेगळा काढता, की थ्रीडीतूनच तयार करता? दोन्ही वेगवेगळे काढले तर डोस जवळपास दुप्पट होतो.

व्हॅन खड्ड्यांतून येते. त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर, पहिल्या बाईला आत घेण्याआधी फँटमचा फोटो काढून पाहायलाच हवा. फँटम म्हणजे आत बारीक तंतू, ठिपके आणि गाठींसारखे गोळे बसवलेला ठोकळा. ते नीट दिसले तर पुढे जायचं. अमेरिकेच्या नियमात ४.२ सेंटिमीटर जाडीच्या स्तनाइतक्या फँटमवर एका फोटोचा डोस ३ मिलिग्रेच्या वर जाता कामा नये अशी मर्यादा आहे. त्या दिवशी तुमच्या मशीनवर किती आला, हे विचारून वहीत लिहा. सकाळचा अर्धा तास याच कामासाठी मोकळा ठेवा, उद्घाटनाची फीत त्यानंतर कापा.

बायकांना निरोप पाठवाल तो आठवडाभर आधी जाऊ द्या. ज्यांना अजून पाळी येते त्यांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्यावी, तेव्हा स्तन कमी दुखतात. त्या दिवशी काखेत डिओ, पावडर काही लावू नये, त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. साडी-ब्लाउज किंवा दोन भागांचा पोशाख बरा. आधीचा मॅमोग्राम काढला असेल तर त्याची सीडी किंवा फिल्म सोबत हवीच. डॉक्टरांना जुना फोटो मिळाला की कित्येक शंका तिथेच मिटतात आणि जादा फोटो वाचतात. वर्षभरात मॅमोग्राम झालेला असेल तर या शिबिरात पुन्हा नको, फुकट असला तरी. गरोदर असण्याची शक्यता, स्तनात इम्प्लांट, अंगावर पाजणं चालू असणं, हे नोंदणीच्या टेबलावरच विचारा, पण हळू आवाजात आणि इतरांपासून दूर.

दाबाबद्दल आधी बोलून ठेवा. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात ते दुखतं, काही सेकंद का होईना. पण दाबल्याने जाडी कमी होते, डोस उतरतो आणि फोटो हलत नाही. कारण ठाऊक असलेली बाई श्वास रोखून स्थिर उभी राहते. घाबरलेली बाई मागे सरकते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. म्हणून रांगेतल्या बायकांशी बोलायला एखादी समजूतदार ताई नेमा. कुणी रेडिएशन अडवायला गळ्याला शिशाचा पट्टा मागेल. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीपर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं आणि पट्टा फोटोच्या आड आला तर तोच फोटो परत घ्यावा लागतो, हे तिला शांतपणे समजावा.

रांग दिवसाला किती बायकांची, हे टेक्निशियनला विचारून ठरवा, वर्गणीदारांना विचारून नको. घाईत काढलेले फोटो हुकतात. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तांत्रिक कारणाने पुन्हा फोटो काढाव्या लागणाऱ्या बायका शंभरात तिनापेक्षा कमी असाव्यात. प्रत्येक पुनरावृत्तीची कारणासह नोंद ठेवायला सांगा, आणि दुपारपर्यंत आकडा वाढलेला दिसला तर तासाभरासाठी रांग थांबवा.

शेवटी अहवालासोबत फोटोंची सीडी प्रत्येकीच्या हातात द्या, ती पुढच्या मॅमोग्रामच्या वेळी लागणार आहे. ज्यांना पुन्हा बोलावलं जाईल त्यांच्यासाठी सोनोग्राफी, जादा फोटो आणि बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) कुठे होईल, खर्च किती, सोबत कोण जाईल, हे तारीख जाहीर करण्याआधी ठरलेलं असू द्या. ते ठरत नसेल तर शिबिर पुढे ढकला.